फिट, चक्कर, बेशुद्धी: आमच्या फुगडी मंडळाने केलेल्या प्रथमोपचार क्लासचा रिव्ह्यू

गेल्या वर्षी आषाढात आमच्या फुगडी मंडळातल्या ३२ जणींनी मिळून प्रथमोपचाराचा एक क्लास केला. विषय एवढाच, फिट येणं, चक्कर येणं आणि बेशुद्ध पडणं. चार तास, माणशी ४०० रुपये. तेव्हापासून कितीतरी जणींनी विचारलं की कसा होता, पैसे वसूल होतात का, आमच्या वाड्यावर बोलवू का, म्हणून एकदाच नीट बसून लिहितेय. संस्थेचं नाव टाकत नाही, मला जाहिरात करायची नाहीये. क्लास कसा असावा हे कळलं की तुम्ही कुठलाही निवडा. पण आधी आम्ही तो का केला ते सांगते, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी महिना दीड महिना रोज रात्री जेवणखाण आवरलं की देवळाच्या मंडपात प्रॅक्टिस, अकरा वाजायचे कधी बारा पण वाजायचे, कारण चवथ झाली की लगेच स्पर्धा सुरू. क्लासच्या आदल्या वर्षी अशाच एका रात्री फेर धरलेला असताना माझ्या शेजारच्या पोरीचा हात माझ्या हातात एकदम ताठ झाला. बारावीतली पोरगी. मान एका बाजूला वळली आणि धाडकन खाली. हातपाय झटके द्यायला लागले, तोंडातून फेस, ओठ निळसर. मंडपात एकच गोंधळ. कोण ओरडतंय "कांदो हाड गो, कांदो", कोणी चप्पल नाकाला लावली, दोघींनी तिचे हात दाबून धरले, एकीने मुठीत किल्ल्या कोंबल्या, आणि प्रसादाच्या भांड्यातला स्टीलचा चमचा घेऊन तो तिच्या दातांत घालणारी मी. जीभ चावेल, जीभ आत जाईल, हेच लहानपणापासून ऐकलेलं. फिट थांबली तेव्हा तिच्या पुढच्या दाताचा तुकडा माझ्या तळहातावर होता. तिच्या आईने मला आजपर्यंत एक शब्द बोलून दाखवलेला नाही, आणि तेच मला जास्त लागलंय.

म्हणून क्लास. देवळाच्या अग्रशाळेतला हॉल मिळाला, रविवारी सकाळी साडेनऊची वेळ दिलेली, सुरू व्हायला सव्वादहा वाजले. शिकवायला दोघं, एक रिटायर्ड सिस्टर, तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, आणि एक तरुण मुलगा जो सरावाचे पुतळे, चटया वगैरे सांभाळत होता. सिस्टर कोकणीत सुरुवात करून मराठीत येत होत्या आणि परत कोकणीत जात होत्या, आम्हाला तेच बरं वाटलं.

पहिलीच गोष्ट त्यांनी जी केली ती मी विसरणार नाही. म्हणाल्या, सगळ्यांनी डोळे मिटा, मोबाईल बाजूला ठेवा, दोन मिनिटं झाली असं वाटलं की हात वर करा. डोळे उघडून बघते तर निम्म्या जणींचे हात एक मिनिट व्हायच्या आधीच वर गेलेले, माझा स्वतःचा ५० सेकंदांना. नुसतं शांत बसून ही गत, मग समोर पोर झटके देतंय तेव्हा काय होणार. त्या म्हणाल्या बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते, पण बघणाऱ्याला ती पंधरा मिनिटं चालली असं वाटतं, आणि त्या घाबरलेपणातूनच चमचे आणि चपला बाहेर येतात. म्हणून पहिलं काम घड्याळ बघायचं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, एकीने फक्त तेवढंच करायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही तर १०८, डॉक्टर किती मिनिटं विचारतात आणि तुम्ही "खूप वेळ" असं सांगता त्याला काही अर्थ नसतो.

मग त्या म्हणाल्या आता आपापली जीभ गिळून दाखवा. बत्तीस बायका तोंड वेडंवाकडं करून बघतायत, नाही जमत, जीभ खालून चिकटलेली आहे, ती घशात गिळली जातच नाही. जीभ चावली जाऊ शकते हे खरं, कडेला जखम होते, रक्त पण येतं, पण ती जखम भरते. चमच्याने तुटलेला दात परत येत नाही, आणि तुकडा श्वासनलिकेत गेला तर वेगळंच संकट. बोट घातलं तर बोट जाईल, जबडा त्या वेळी केवढ्या जोराने मिटतो याची कल्पना नाही आपल्याला. मी त्या वेळी मान खाली घालून बसलेले. सिस्टरना माझी गोष्ट माहीत नव्हती, पण त्यांनी पुढे हेही सांगितलं की चमचा घालणारा माणूस वाईट नसतो, त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

करायचं काय तर खरं म्हणजे फार थोडं. आजूबाजूचं टोकदार, गरम, काचेचं जे काय आहे ते लांब करा, आमच्याकडे तर बाजूला समई पेटलेली होती. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, ओढणी घडी करून दिली तरी चालते. गळ्याशी काय आवळलेलं असेल ते सैल करा, चष्मा काढा. हात-पाय दाबून धरायचे नाहीत, दाबल्याने झटके थांबत नाहीत, उलट खांदा निखळू शकतो. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही, फिट तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. ओठ निळे होण्याचंही त्यांनी समजावलं, पहिल्या ताठ होण्याच्या वेळी छातीचे स्नायू पण ताठ होतात म्हणून श्वास थोडा वेळ अडकतो, झटके ओसरले की तो परत सुरू होतो. झटके थांबल्यावर छाती वरखाली होतेय का ते नक्की बघायचं. नसेल तर मात्र वाट बघायची नाही, १०८ ला सांगून छातीवर दाब सुरू करायचा, मिनिटाला १०० ते १२०, ते आम्ही पुतळ्यावर करून बघितलं आणि दोन मिनिटांत हात भरून आले.

आणि मग कुशीवर वळवणं. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण हा हाताने शिकायचाच विषय आहे, वाचून येत नाही. माझी जोडी लागली आमच्या मंडळातल्या सगळ्यात धिप्पाड बाईशी, त्या ८० किलोच्या पुढे आणि मी पन्नास किलोची. मला वाटलं मला काय त्या हलणार नाहीत. सिस्टरनी दाखवलं, त्यांच्या बाजूला गुडघ्यावर बसायचं, आपल्याकडचा त्यांचा हात काटकोनात बाहेर ठेवायचा, पलीकडचा हात छातीवरून ओढून घेऊन त्याची पालथी बाजू त्यांच्या आपल्याकडच्या गालाला लावून धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर उभा करायचा, पाऊल जमिनीला टेकलेलं, आणि तोच गुडघा धरून आपल्याकडे ओढायचं. बस्स. आख्खी बाई अलगद माझ्याकडे वळली, एका हाताने. जोर लागलाच नाही, गुडघा तरफेसारखा काम करतो. मग हनुवटी थोडी वर करून तोंड जमिनीकडे, म्हणजे लाळ, फेस, उलटी काय असेल ते बाहेर पडेल, श्वासात जाणार नाही. मी सहा वेळा केलं. घरी आल्यावर नवऱ्याला झोपवून परत दोनदा केलं.

१०८ बद्दल त्यांनी गोव्याच्या हिशोबाने सांगितलं तेही बरं झालं. आपल्या वाड्यांवर घरं एका ओळीत नसतात, पत्ता सांगताना आपण "देवळाच्या मागे, आंब्याच्या झाडाकडे" असं सांगतो, ॲम्ब्युलन्सवाल्याला ते कसं कळणार. म्हणून गाव, वाडा, मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण, आणि एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर, शुद्धीवर न येता दुसरी आली तर, आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर, बाई गरोदर असेल तर, डायबिटीस असेल, डोक्याला लागलं असेल, पाण्यात असताना आली असेल, तर थांबायचं नाही. बाकी माहीत असलेल्या पेशंटला दर वेळी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला धावडवायची गरज नसते, पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ बसायचं, पाणी पाजायचं नाही, हळू आवाजात बोलायचं. फिटनंतर माणूस अर्धा तास पण गुंगीत असू शकतो, कपडे ओले झालेले असतात, त्याला त्याची लाज वाटते, म्हणून गर्दी हटवायची आणि अंगावर काहीतरी घालायचं. या शेवटच्या वाक्याला आमच्यातल्या दोघी रडल्या.

आता ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय ते. शेवटच्या तासात त्यांनी एक नाटकच करायला लावलं. एक मुलगी खाली पडून झटके द्यायचं सोंग करणार, एक टायमर लावणार, एक डोकं सांभाळणार, आणि सहा जणींना कानात सांगितलेलं की तुम्ही गर्दी करा, कोण कांदा आणा, कोण "तोंडार उदक मार" म्हणून ओरडा, कोण चमचा घेऊन या, अगदी हट्टाने. पहिल्या खेपेला काय झालं सांगू, जिला सगळं पाठ होतं ती डोकं धरून बसली आणि तिच्या डोळ्यांसमोर चमचा तोंडापर्यंत पोचला, कारण चमचा आणणारी तिची सासू झालेली आणि सासूला नाही कसं म्हणायचं. तेव्हा मला कळलं की हे एकटीने शिकून भागत नाही. फिट कधी रिकाम्या खोलीत आपल्याला दिसत नाही, ती माणसांच्या मधे दिसते, आणि तिथे वयाने मोठी, आवाजाने मोठी माणसं असतात. एक शहाणी आणि एकोणतीस घाबरलेल्या असतील तर एकोणतीस जिंकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला सिस्टरनी एकीला कामच तेवढं दिलं, हात जोडून गर्दी मागे करायची आणि म्हणायचं "मावशी, तुम्ही रस्त्यावर जाऊन ॲम्ब्युलन्स दाखवाल का?" चमचावाल्या माणसाला काम द्या, नुसतं नको म्हटलं तर तो ऐकत नाही. किती साधी गोष्ट, पण हे मला कुठल्याच चार्टवर दिसलं नव्हतं.

बेशुद्ध पडण्याचा भाग छोटा होता पण चांगला. उभं राहून राहून, उकाड्यात, उपाशीपोटी, रक्त बघून, पाय रक्त धरून ठेवतात, ठोके मंदावतात, बीपी उतरतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवा पडला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि म्हणूनच अर्ध्या-एक मिनिटात तो डोळे उघडतो. आणि आपण काय करतो, त्याला काखेत धरून खुर्चीवर बसवतो, म्हणजे शरीराने जे बरोबर केलं ते आपण उलटवतो. झोपवा, पाय वर करा, हवा येऊ द्या, लगेच उठवू नका. पडण्याआधी सहसा घाम, जांभया, मळमळ, कानात गुंई आवाज, डोळ्यांपुढे काळोखी येते, तेव्हा जागच्या जागी बसायचं नाहीतर आडवं व्हायचं, तेही जमत नसेल तर पाय एकमेकांवर घट्ट आवळून हातांची बोटं एकमेकांत अडकवून ताणायची, त्याने बीपी थोडं सावरतं. चक्कर येऊन पडलेल्याला पण दोन-चार झटके येऊ शकतात, त्याला लगेच फिटचा पेशंट ठरवू नका. मात्र छातीत दुखून, धावताना किंवा जड काम करताना, किंवा धडधड होऊन कोणी पडलं तर ते साधं समजायचं नाही.

हे कामाला आलं त्याच वर्षी, तयेच्या, म्हणजे हरितालिकेच्या दिवशी. आमच्या एका वहिनीने निर्जळी धरलेली, संध्याकाळी मंडपात गर्दी, उदबत्त्या, भादव्याचा तो दमट उकाडा. त्या माझ्यासमोर जांभई देत होत्या, दुसरी जांभई, वरच्या ओठावर घाम, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं वहिनी बसा, त्या म्हणाल्या आरती होऊ दे, आणि गेल्याच. पण या वेळी सगळं वेगळं झालं. दोघींनी डोकं आपटू दिलं नाही, एकीने प्लास्टिकची खुर्ची आडवी करून त्यावर पोटऱ्या ठेवल्या, एकीने श्वास बघितला, एकीने मोबाईल लावला, आणि एक काका "उठयात तिका, उठयात" करत आले त्यांना आमच्या सर्वात लहान पोरीने हात जोडून पंखा आणायला पाठवलं. ४० सेकंदांत डोळे उघडले. दहा मिनिटं झोपवूनच ठेवलं, मग बसवलं, मग साखरमीठ घातलेलं लिंबूपाणी. उपास मोडला म्हणून त्या हळहळल्या, तेव्हा भटजींनीच सांगितलं की देवाला असं काही नको असतं. तरी त्यांना दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, हिमोग्लोबिन कमी निघालं.

चक्कर हा विषय मात्र त्यांनी उरकला, आणि ही माझी मोठी तक्रार आहे. शेवटची वीस मिनिटं, सगळ्यांना भूक लागलेली, आणि खरं तर घराघरात रोज असते ती चक्करच. सासूबाईंना रात्री लघवीला उठलं की चक्कर येते, बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी आधी काठावर दोन मिनिटं बसून मग उठायचं हे सांगायला वेळ हवा होता. डायबिटीसवाल्याला घाम, थरथर, चक्कर आली आणि तो शुद्धीत आहे, गिळू शकतो, तर तीन चमचे साखर किंवा गोड सरबत, १५ मिनिटांनी परत साखर तपासायची, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, हे त्यांनी सांगितलं पण घाईत. कूस बदलली की आख्खं घर गरगर फिरतं ती चक्कर कानातली असते, आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून सरकतात, आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने वळवून ते जागेवर बसवतात, बऱ्याच जणांना एक-दोन वेळेतच आराम पडतो. हे मला माझ्या भावजयीच्या दुखण्यामुळे आधीच माहीत होतं, क्लासमध्ये एका वाक्यात गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चक्कर आली आणि तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतंय, तर तो पक्षाघात असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही. यासाठी वेगळा एक तास पाहिजे.

दुसरी तक्रार, स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये. सिस्टर तोंडाने सांगत होत्या म्हणून निभावलं, पण घरी न्यायला जो कागद दिला तोही इंग्लिशमध्ये, आमच्यातल्या साठीच्या बायकांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि संपलं. शेवटी शाळेत शिकवणाऱ्या एकीने मराठीत मोठ्या अक्षरात लिहून मंडपाच्या खांबाला लावला. तिसरी, बत्तीस जणींना पुतळे फक्त दोन. तुम्ही बोलवाल तेव्हा आधीच विचारा पुतळे किती आणि सराव किती मिनिटं, भाषण किती मिनिटं असं नको.

मंडपात फिट आलेल्या त्या पोरीबद्दल पण सांगायला हवं. तिला दोन वर्षांपासून फिट येत होत्या, गोळ्या चालू होत्या, घरच्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील म्हणून. मी त्यांना दोष देत नाही, आपण लोकच तसे आहोत. क्लासला तिची आई आमच्याबरोबर बसलेली, आणि सिस्टर जेव्हा म्हणाल्या की जगात ५ कोटींच्या आसपास लोकांना हा फिटचा आजार, म्हणजे अपस्मार, आहे, नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत पेशंटच्या फिट थांबू शकतात, तेव्हा ती माऊली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलली. म्हणाली, फुगडीने नाही आली तिला, चार रात्री झोप नव्हती आणि दोन दिवस गोळी चुकलेली. त्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस साडेनऊला बंद होते, कोणी कितीही म्हणो. पोरीच्या पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा स्प्रे असतो, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर तो कसा मारायचा हे तिने स्वतः आम्हाला दाखवलंय. ती या वर्षीही फेरात आहे, माझ्याच बाजूला.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी चक्करसाठी आणि त्या इंग्लिश कागदासाठी. एकट्याने जाऊ नका, भजनी मंडळ, सेल्फ हेल्प ग्रुप, सोसायटी, जे असेल ते आख्खं घेऊन जा, पुरुषांनाही घ्या, आम्ही या वेळी देवळाच्या कमिटीला आणि भजनवाल्यांना बसवणार आहोत. आणि हो, सलवार कमीज घालून जा, साडीत खाली बसून कुशीवर वळवायचा सराव नीट होत नाही, चटई आपली न्या कारण फरशी पावसात गार असते, आणि नाश्ता करून जा.